अणुचाचणीची राख कुठे पडणार हे ठरवतं हवामान: फॉलआउटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अणुचाचण्यांवर लिहायला लागल्यापासून तेच तेच प्रश्न फिरून फिरून येतात, आणि त्यातले बरेचसे शेवटी वारा आणि पाऊस इथेच येऊन थांबतात, म्हणून सगळे एका जागी आणले. उदाहरणं मुख्यतः १९४५ ते १९८० मधली आहेत कारण उघड्यावर बॉम्ब फोडण्याचा काळ तोच. पोखरणसाठी आलेल्यांनी थेट प्रश्न १३ वर जावं.

१. फॉलआउट म्हणजे नक्की काय? गॅस असतो की धूळ?

जवळजवळ सगळी धूळच. बॉम्ब फुटतो तेव्हा त्याचं स्वतःचं धातूचं कवच, ज्या टॉवरवर ठेवलाय तो टॉवर, खालची माती, जे काही आगीच्या गोळ्यात सापडेल त्याची वाफ होते. गोळा प्रचंड गरम म्हणून सरळ वर चढतो, चढता चढता गार होतो, आणि चहाच्या भांड्यावरच्या झाकणाला आतून थेंब धरतात ना, तशी ती किरणोत्सारी वाफ धुळीच्या कणांवर जाऊन बसते. त्यात शेकडो प्रकारचे अणू असतात पण नावं लक्षात ठेवायची तर तीन: आयोडीन-१३१ (८ दिवसांत निम्मं होतं), स्ट्रॉन्शियम-९० (साधारण २९ वर्षं) आणि सीझियम-१३७ (साधारण ३० वर्षं). झेनॉन, क्रिप्टॉनसारखे गॅससुद्धा असतात, पण ते खाली बसत नाहीत, त्यांचं काम प्रश्न १४ मध्ये येईल.

२. बॉम्ब हवेत फोडला काय आणि जमिनीवर फोडला काय, राख तेवढीच ना?

नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. आगीचा गोळा जमिनीला टेकला तर हजारो टन माती वर खेचली जाते, किरणोत्सार त्या जड कणांवर बसतो आणि जवळपासच खाली येतो. गोळा जमिनीला टेकलाच नाही तर कण अगदी बारीक राहतात आणि वरच्या वर निघून जातात. ३० ऑक्टोबर १९६१ ला सोव्हिएत युनियनने आर्क्टिकमधल्या नोव्हाया झेमल्या बेटांवर फोडलेला झार बॉम्ब ५० मेगाटनचा होता (एक मेगाटन म्हणजे दहा लाख टन टीएनटी स्फोटकाइतका जोर), इतिहासातला सगळ्यात मोठा, पण तो ४ किलोमीटर उंचीवर फुटला त्यामुळे आसपास पडलेली राख त्या मानाने फारच कमी. उलट १९५४ चा अमेरिकेचा कॅसल ब्राव्हो १५ मेगाटनचा, पण प्रवाळाच्या खडकावर जमिनीलगत फोडलेला, त्याने काय केलं ते प्रश्न ५ मध्ये. हवेत फोडला म्हणजे राख नाहीशी झाली असं मात्र समजू नका, ती फक्त उशिरा आणि लांब पडते (प्रश्न ८).

३. ही धूळ खाली यायला किती वेळ लागतो?

खळ्यावर उफणणी बघितली असेल तर उत्तर तुम्हाला माहीतच आहे. सुपातून धान्य सोडलं की दाणा पायाशी पडतो, काडीकचरा थोडा पुढे आणि भुसा वाऱ्यावर लांब निघून जातो. इथेही तसंच, फक्त सूप दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर धरलेलं. रवाळ वाळूसारखे कण काही तासांत खाली येतात, पिठासारखे बारीक कण दिवसच्या दिवस तरंगतात, आणि त्याहून बारीक ते स्वतःच्या वजनाने जवळपास पडतच नाहीत, त्यांना पाऊस किंवा वरून खाली येणारी हवा आणते. म्हणून चाचणीच्या जागेपासून जसजसं लांब जाल तसतसा पावसाचा रोल वाढत जातो.

४. वाऱ्याची दिशा कळली की राख कुठे जाणार हे कळायला हवं, मग अंदाज चुकतात कसे?

कारण "वाऱ्याची दिशा" असं एकच काही नसतंच. जुलैत मुंबईत उभे राहिलात तर अंगावर वारा नैऋत्येकडून किंवा पश्चिमेकडून येतो, पण त्याच वेळी डोक्यावर १२ ते १५ किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून जोरदार वारा वाहत असतो, म्हणजे बरोब्बर उलटा. आता एक कण १५ किलोमीटरवरून खाली यायला निघाला, तर प्रत्येक थरातून जाताना तिथला वारा त्याला ढकलणार, वर पश्चिमेला, मध्ये कुठेतरी तिसरीकडेच, खाली पूर्वेला, आणि या सगळ्या ढकलण्यांची बेरीज म्हणजे त्याची पडायची जागा. जड कण प्रत्येक थरातून पटकन जातो म्हणून कमी ढकलला जातो, हलका जास्त. म्हणून राखेचा पट्टा सरळ रेषेत न पडता पंख्यासारखा पसरतो किंवा वाकडा वळतो. चाचणीआधी हवामान फुगे सोडून वेगवेगळ्या उंचीवरचे वारे मोजायचे ते याचसाठी. पण फुगा सांगतो आत्ताचा वारा आणि राख पडणार पुढच्या दहा-बारा तासांत, त्यात ढग किती उंच चढेल हाही अंदाजच, तो चुकला की वारे बरोबर मोजूनही पुढचं सगळं चुकतं.

५. कॅसल ब्राव्होच्या वेळी नक्की काय चुकलं, वारा की बॉम्ब?

दोन्ही, आणि तिसरी चूक निर्णयाची. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१ मार्च १९५४, पहाटे पावणेसात, मार्शल बेटांमधलं बिकिनी. अपेक्षा होती ६ मेगाटनच्या आसपास, झाला १५, कारण इंधनातलं लिथियम-७ (लिथियमचाच एक प्रकार) काही करणार नाही असं धरलं होतं आणि त्याने भरपूर काही केलं. ढग मिनिटांत ४० किलोमीटरच्या जवळ चढला. खाली प्रवाळ असल्यामुळे जी राख झाली ती पांढरीशुभ्र, चुन्यासारखी.

आता वारा. "वारा ऐन वेळी फिरला" असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, पण आदल्या रात्रीच्या ब्रीफिंगमध्येच वारे बिघडत चाललेत हे समोर आलेलं होतं आणि तरीही चाचणी पुढे ढकलली नाही. माझं स्पष्ट मत आहे की याला निसर्गाची लहर म्हणणं म्हणजे त्या बेटांवरच्या लोकांवर दुसऱ्यांदा अन्याय करणं आहे. सुमारे १६० किलोमीटर पूर्वेला रोंगेलाप बेटावर ६४ माणसं होती, त्यांच्यावर काही तासांत ती पांढरी भुकटी पडायला लागली, पोरं त्यात खेळली, पिण्याच्या पाण्यात पडली, अन्नावर पडली, आणि संध्याकाळपर्यंत उलट्या, अंगाला खाज, डोळ्यांची आग. त्यांना आधी कुणी काही सांगितलेलं नव्हतं. त्यापलीकडे रोंगेरिकवर २८ अमेरिकन होते, तेही हवामान केंद्रावरचेच. त्यांना दुसऱ्या दिवशी हलवलं, रोंगेलापच्या लोकांना त्याच्या पुढच्या दिवशी. क्रम लक्षात घ्या.

त्याच वेळी "दाइगो फुकुर्यू मारू" ही जपानी टूना मासेमारी बोट जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर होती, बिकिनीपासून सुमारे १३० किलोमीटरवर, २३ खलाशी. मासेमारीचे दोर आवरताना त्यांच्या अंगावर राख पडली, बोट १४ मार्चला याइझू बंदरात परतली तेव्हा सगळेच आजारी होते. रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबर १९५४ ला वारले. हद्द नकाशावर काढलेली होती आणि वाऱ्याला नकाशा वाचता येत नाही, बाकी काय लिहू.

६. पावसाने हवा धुऊन निघते ना? मग फॉलआउटमध्ये पाऊस वाईट कसा?

हवा धुतली जाते हे बरोबर, पण धुतलेलं जातं कुठे? तुमच्या अंगणात. कण दोन प्रकारे पावसात येतात: एकतर राखेचा ढग आणि पावसाचा ढग एकमेकांत मिसळतात आणि कणांभोवतीच थेंब तयार होतो, नाहीतर वरून पडणारा थेंब वाटेतल्या धुळीला सोबत घेऊन येतो. पहिला प्रकार जास्त परिणामकारक, कारण गडगडाटी ढग कित्येक किलोमीटर उंचीची हवा आत ओढून घेतो आणि सगळं एका छोट्या भागावर ओततो.

याचं ठळक उदाहरण म्हणजे ट्रॉय, न्यूयॉर्क राज्य. २५ एप्रिल १९५३ ला अमेरिकेच्या पश्चिमेला नेवाडात "सायमन" नावाची ४३ किलोटनची (किलोटन म्हणजे मेगाटनचा हजारावा हिस्सा) चाचणी झाली. तो ढग वरच्या जोरदार वाऱ्यांवरून सुमारे ३,७०० किलोमीटर पूर्वेला गेला आणि दीडेक दिवसात ट्रॉय-ऑल्बनी भागावर पोचला नेमका गडगडाटी वादळाच्या वेळी. सोमवारी सकाळी तिथल्या रेन्सेलर इन्स्टिट्यूटमधल्या विद्यार्थ्यांचे गायगर काउंटर (किरणोत्सार मोजणारी यंत्रं) नेहमीपेक्षा कितीतरी जास्त आकडे दाखवायला लागले, मशीन बिघडलं असं वाटून शोधाशोध केली तर किरणोत्सार खिडकीबाहेरच्या पावसाच्या पाण्यात. चाचणीच्या जागेच्या बऱ्याच जवळची कोरडी गावं त्या दिवशी याहून बरी राहिली. म्हणजे लांब आहोत म्हणून सेफ आहोत हे गणित पाऊस एका संध्याकाळीत मोडतो.

७. कोडॅकची फिल्म आणि अणुचाचणी ही गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. पहिली चाचणी, ट्रिनिटी, १६ जुलै १९४५, न्यू मेक्सिको. हवामानतज्ज्ञ जॅक हबार्ड यांच्यावर वेळ ठरवायची जबाबदारी होती, पहाटे ४ ला ठरलेला स्फोट वादळी पावसामुळे साडेपाचवर गेला. राख ईशान्येकडे गेली आणि पुढे इंडियाना राज्यातल्या वॉबाश नदीच्या पाण्यात पोचली. त्या नदीवर विन्सेन्सला पुठ्ठ्याची गिरणी होती, तिथला पुठ्ठा कोडॅक कंपनी आपल्या कॅमेरा फिल्मच्या पॅकिंगला वापरायची, आणि फिल्मवर काळे ठिपके उठले. कंपनीचे ज्युलियन वेब यांनी तपास करून कारण शोधून काढलं.

पुढे जानेवारी १९५१ मध्ये नेवाडात चाचण्या सुरू झाल्या आणि रॉचेस्टरला, म्हणजे कोडॅकच्या गावातच, किरणोत्सारी बर्फ पडला. कंपनीने तक्रार केली, मग फोटोफिल्म उद्योगाला चाचण्यांची आणि राखेच्या संभाव्य वाटेची आगाऊ माहिती द्यायचं ठरलं. फिल्म वाचवायची व्यवस्था झाली. त्याच वाऱ्याखाली गाई चारणाऱ्यांना मात्र कुणी कळवलं नाही, हे मला आजही पचत नाही. दुधाचं का महत्त्वाचं ते प्रश्न ११ मध्ये.

८. स्थितांबरात (ढगांच्या वरच्या हवेच्या थरात) गेलेली राख वर्षानुवर्षं का राहते?

कारण तिथे पाऊस नाही. आपला सगळा पाऊस-वादळ-ढगांचा कारभार तपांबरात, म्हणजे हवेच्या सगळ्यात खालच्या थरात चालतो, त्याचं छत विषुववृत्तावर १६-१७ किलोमीटरवर आणि ध्रुवांकडे ८-९ किलोमीटरवर. किलोटनवाल्या बॉम्बचा ढग बहुतेक करून छताखालीच राहतो किंवा जेमतेम छताला लागतो, ती राख काही आठवड्यांत पावसाबरोबर खाली येते. मेगाटनवाला छत फोडून स्थितांबरात जातो, तिथली हवा थरावर थर रचल्यासारखी शांत, वर-खाली मिसळणं अगदी संथ, त्यामुळे बारीक कण एक-दोन वर्षंसुद्धा टिकतात आणि तोवर पृथ्वीभर पसरतात. यात एक चांगली बाजू अशी की तोपर्यंत आयोडीनसारखे अल्पायुषी अणू संपून जातात. वाईट बाजू अशी की स्ट्रॉन्शियम आणि सीझियम संपत नाहीत.

९. जगभर फॉलआउट वसंत ऋतूत वाढायचा म्हणतात. चाचण्या काय फक्त तेव्हाच व्हायच्या का?

नाही, चाचणी कधीही असो, शिखर वसंतातच. स्थितांबरातली हवा विषुववृत्ताजवळ वर चढते, ध्रुवांकडे सरकते आणि मध्यम-उच्च अक्षांशांवर हिवाळ्याअखेर व वसंतात जास्त जोराने खाली उतरते, वर साठलेलं तेव्हा तपांबरात सांडतं आणि पुढच्या पावसाबरोबर जमिनीवर. १९६१-६२ मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत युनियनने प्रचंड मोठ्या चाचण्या केल्या आणि जगभरचा फॉलआउट १९६३ मध्ये शिखरावर गेला. हा ठसा इतका ठळक आहे की हिमनद्यांच्या बर्फात आणि तळ्यांच्या गाळात १९६३ चा थर शोधून शास्त्रज्ञ बाकीच्या थरांची वयं ठरवतात.

१०. मग सगळ्यात जास्त कुठे पडलं? विषुववृत्तावर चाचण्या झाल्या तर तिथेच जास्त ना?

चाचणीच्या जवळची राख जवळ, पण जागतिक राखेचा सर्वाधिक साठा उत्तर गोलार्धात ४० ते ५० अंश अक्षांशांच्या पट्ट्यात पडला, कारण प्रश्न ९ मधलं उतरणं तिथे होतं आणि पाऊसही होतो. शिवाय बहुतेक चाचण्या उत्तर गोलार्धातच झाल्या आणि दोन गोलार्धांतली हवा एकमेकांत सावकाश मिसळते.

११. राख अंगावर पडली नाही तर दूध-भाजीतून काय होणार?

होतं, आणि कित्येक ठिकाणी तोच मुख्य मार्ग होता. गाय दिवसभरात खूप मोठ्या जागेवरचं गवत खाते, म्हणजे चौरस मीटरवर पडलेलं थोडं थोडं आयोडीन ती गोळा करून दुधात आणते, दूध पितं लहान मूल, आणि आयोडीन साठवणारी मुलाची थायरॉइड ग्रंथी छोटी म्हणून तेवढ्याच आयोडीनचा डोस जास्त बसतो. पाऊस इथे परत महत्त्वाचा, कारण ओलं गवत राख धरून ठेवतं. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने १९९७ मध्ये नेवाडातल्या चाचण्यांमुळे थायरॉइड कॅन्सरच्या जादा केसेसचा अंदाज दिला तो ११,००० ते २,१२,००० असा. एवढी मोठी रेंज बघून लोक चिडतात, पण कोणत्या गावी कुठल्या दिवशी किती पाऊस पडला आणि कुठल्या घरात कुठलं दूध आलं यावर सगळं अवलंबून असेल तर आकडा असाच येणार. स्ट्रॉन्शियम-९० वेगळं, शरीराला ते कॅल्शियमसारखं वाटतं म्हणून हाडांत आणि दातांत जातं, सेंट लुइसमध्ये तर मुलांचे पडलेले दुधाचे दात लाखोंनी गोळा करून हे तपासलं होतं.

१२. चांगल्या हवामानासाठी थांबलं आणि वारा जोरात असला तर राख पातळ होऊन धोका कमी होतो का?

आधी जोराचं. मंद वाऱ्यात राख जवळच दाट पडते, जोराच्या वाऱ्यात पसरून पातळ होते पण लवकर पोचते, आणि लवकर पोचणं वाईट. ढोबळ नियम असा की वेळ सातपट झाला की किरणोत्साराचा जोर दहावा हिस्सा राहतो: १ तासाला १०० धरलं तर ७ तासांनी १० आणि ४९ तासांनी, म्हणजे दोन दिवसांनी, १. म्हणून तीन तासांत आलेली राख आणि दोन दिवसांनी आलेली राख एका मापाने मोजता येत नाही.

आणि "चांगलं हवामान" कुणासाठी चांगलं? नेवाडात वारा लास वेगास किंवा लॉस एंजेलिसकडे असेल तर थांबायचे, पूर्वेकडे असेल तर फोडायचे, आणि पूर्वेला युटामधली छोटी गावं होती. १९ मे १९५३ च्या "हॅरी" चाचणीची राख सेंट जॉर्जवर गेली, लोकांना घरात थांबायला सांगितलं तेही राख आल्यावर. दुसरं उदाहरण फ्रान्सचं: १७ जुलै १९७४, पॅसिफिकमधल्या मुरुरोआ बेटावरची "साँतोर" चाचणी, ढग अपेक्षेपेक्षा कमी उंचीवर थांबला, त्या उंचीवरचा वारा वेगळा, आणि दोनच दिवसांत राख सुमारे १,२०० किलोमीटरवरच्या ताहितीवर.

१३. पोखरणच्या वेळी राजस्थानात किंवा आपल्याकडे राख आली का? आणि त्याआधी महाराष्ट्रात कधी फॉलआउट पडलाय का?

पोखरणच्या १९७४ आणि १९९८ च्या दोन्ही चाचण्या जमिनीखाली झाल्या, १९७४ ची सुमारे १०७ मीटर खोल. भूमिगत स्फोटात किरणोत्सार वितळलेल्या खडकात अडकून राहणं अपेक्षित असतं, आणि १९९८ च्या चाचण्यांनंतर सरकारने वातावरणात किरणोत्सार सुटला नाही असंच जाहीर केलं. तरी ११ मे १९९८ ला सकाळी वारा वस्तीच्या दिशेने होता म्हणून दुपारी पावणेचारपर्यंत थांबले होते, कारण भूमिगत म्हणजे शंभर टक्के बंद असं नसतं: १८ डिसेंबर १९७० ला नेवाडात "बेनबेरी" ही १० किलोटनची भूमिगत चाचणी भेगेतून फुटून बाहेर आली आणि धुराळा तीनेक किलोमीटर वर गेला.

दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर हो. १९५० आणि ६० च्या दशकातला जागतिक फॉलआउट सगळ्या जगावर पडला, महाराष्ट्र त्यात आला, फक्त आपल्या अक्षांशांवर प्रमाण युरोप-अमेरिकेपेक्षा कमी (प्रश्न १०). मुंबईत ट्रॉम्बेच्या अणुऊर्जा संस्थेत त्या काळी हवेतल्या आणि पावसातल्या किरणोत्साराची मोजमापं चालायची. आणि ब्राव्होनंतर महिनाभरातच, २ एप्रिल १९५४ ला, नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवण्याची मागणी केली होती, उघड्यावरच्या चाचण्या बंद करायचा करार व्हायला पुढे १९६३ उजाडलं. चीन आणि फ्रान्स त्यात नव्हते, हवेतली शेवटची चाचणी चीनची, १६ ऑक्टोबर १९८०.

१४. लपून केलेली चाचणी हवेवरून पकडता येते का?

येते. सोव्हिएत युनियनने २९ ऑगस्ट १९४९ ला पहिली चाचणी गुपचूप केली, आणि ३ सप्टेंबरला कामचाटकाजवळून उडणाऱ्या अमेरिकन हवामान विमानाच्या फिल्टर पेपरवर तिचे कण सापडले. भूमिगत चाचणीत कण अडकतात पण झेनॉनसारखा गॅस भेगांतून झिरपतो, तो कशालाच चिकटत नाही, पावसातही धुतला जात नाही. उत्तर कोरियाच्या ऑक्टोबर २००६ च्या चाचणीचा झेनॉन थेट कॅनडात यलोनाइफला पकडला गेला. मग हवामानाचं मॉडेल उलटं चालवतात, ही हवा काल कुठे होती, परवा कुठे होती असं करत मागे मागे जायचं.

१५. आता मॉडेल इतकी भारी झालीत, मग आज राख नेमकी कुठे पडेल हे सांगता येईल?

वारे आता बरेच चांगले सांगता येतात, १९५४ च्या मानाने तर काहीच्या काही चांगले, आणि राखेचा पट्टा साधारण कुठल्या दिशेला जाईल हे काही तास-दिवस आधी कळेल. अडतं ते पावसाशी. वळवाचा पाऊस कुठल्या तालुक्यात पडेल हे जिथे आदल्या दिवशी सांगता येत नाही, तिथे राखेच्या ढगाखाली नेमकी कुठली सर कोसळेल हे सांगणं तेवढंच अवघड, आणि ट्रॉयमध्ये जे झालं ते एका सरीनेच झालं होतं. म्हणून मॉडेल नकाशावर पट्टा दाखवतात, पण पट्ट्याच्या आतले जास्त दाट ठिपके मात्र राख पडून गेल्यावर, प्रत्यक्ष जमिनीवर जाऊन मोजूनच कळतात.